लॅन्सेट कुठं टाकलंस?

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून रक्तपेढीत लागलो तेव्हा बायोमेडिकल कचऱ्याचा, म्हणजे कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत किंवा डब्यात जातो त्याचा तक्ता मला तोंडपाठ होता. पिवळी, लाल, पांढरा, निळा. झोपेतून उठवून विचारा. आणि तिसऱ्याच रक्तदान शिबिरात, गणपतीच्या मांडवात पिवळ्या पिशवीचं तोंड बांधताना बोटाला टोचलं. हिमोग्लोबिन बघायला वापरलेलं लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची बारीक सुई, कुणीतरी, बहुधा मीच, कापसाच्या बोळ्याबरोबर टाकून दिलं होतं.

साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धरलं. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, हे माहीत असूनही हात शिवशिवतोच. इन्चार्ज मॅडमनी विचारलं, "कुणाला वापरलेलं होतं?" सांगणार काय? सकाळपासून साठेक बोटं टोचून झाली होती. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून शिबिर सोडून तडक निघालो. पुढच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पण त्या मधल्या महिन्यांत घरी धड जेवण जात नव्हतं. हेपॅटायटिस बी ची लस (०, १ आणि ६ महिने) रुजू होतानाच सुरू करा, नंतर टायटरही (लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी) करून घ्या.

तेव्हापासून सुयांचा पांढरा डबा मी जमिनीवर ठेवत नाही. तो टेबलावर, टोचणाऱ्या हाताच्या बाजूला. खाली वाकावं लागलं की माणूस "नंतर टाकू" म्हणतो आणि लॅन्सेट ट्रेमध्ये राहतं. सुईला टोपण परत लावू नका. आणि शिबिराचा कचरा मंडळाची पोरं कितीही आग्रहानं "द्या, घंटागाडीत टाकतो" म्हणाली तरी द्यायचा नाही. तो आपल्याबरोबर परत येतो.

पेढीत व्हॅक्युटेनर (रक्ताचा नमुना घ्यायच्या नळ्या) आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्यात. नवख्यांची गफलत होते ती रक्ताच्या बॅगांपाशी. बॅग प्लास्टिकची दिसते म्हणून लाल पिशवीत जाते. चूक. उरलेल्या किंवा बाद रक्ताची बॅग पिवळीत, तीही आधी आपल्याकडे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करून. आमच्याकडे पाच दिवसांची मुदत उलटलेल्या प्लेटलेट्सच जास्त असतात. ऑटोक्लेव्ह १२१ अंश, १५ पौंड दाब, ६० मिनिटं. आणि ही ६० मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. बॅगा ठासून भरल्या तर बाहेरच्या चॉकलेटी होतात आणि मधली कापून बघावी तर आत लालच. वाफ लागली की रंग बदलणारी पट्टी आत ठेवतात; तिचा रंग बदलला म्हणजे त्या मधल्या बॅगेपर्यंत वाफ पोचली असं नाही.

४८ तासांत कचरा न्यायला गाडी यायलाच हवी. जोडून सुट्ट्या आल्या की आदल्या दिवशीच फोन करा. आणि बॅगेचा नंबर रजिस्टरला ऑटोक्लेव्हच्या आधी चढवा. वाफेत लेबल सुटलं की कुठली बॅग कुठली, ते शोधत बसाल.