डीफॉल्ट ब्राउझर ‘आपोआप’ बदलतो? आधी या चुका टाळा

“ब्राउझर नीट सेट केला होता, पण परत एज उघडतंय.” एज म्हणजे विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, आणि डीफॉल्ट म्हणजे लिंक आपोआप ज्यात उघडते तो. ही तक्रार कानावर आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लिंक कुठून उघडली होती? बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं, आणि निम्मा घोळ तिथेच असतो.

विंडोज ११ मध्ये स्टार्टच्या सर्चमधून किंवा विजेट्समधून बातमी उघडली, तर ती सहसा एजमध्येच जाते. तुम्ही फायरफॉक्स डीफॉल्ट केलेला असला तरी. कारण डीफॉल्ट बदलताना तुम्ही ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या लिंका कुणाकडे जायच्या ते ठरवता. सर्च आणि विजेट्सच्या लिंका ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ने सुरू होतात, त्या तुमच्या निवडीला विचारतच नाहीत. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशांत कायद्याच्या रेट्यामुळे हे बदललं, बाकीच्यांनी सोसायचं. एजडिफ्लेक्टर नावाचं एक टूल या लिंका वळवून द्यायचं, २०२१ च्या अखेरीस त्याचाही रस्ता बंद झाला. आउटलुकची गंमत निराळीच. लिंक कशात उघडायची याची त्याची स्वतःची सेटिंग असते, जुन्या आउटलुकमध्ये ती ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्डखाली सापडते. मेलमधली लिंक एजमध्ये गेली म्हणून विंडोजची सेटिंग पुन्हा पुन्हा उचकटण्यात काही अर्थ नाही.

खात्री करायची माझी सवय सांगतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, येणाऱ्या चौकटीत ‘एचटीटीपीएस’सकट कुठलाही पत्ता टाकायचा आणि एंटर. जो ब्राउझर उघडेल तोच तुमचा डीफॉल्ट. तो बरोबर असेल तर सेटिंग शाबूत आहे, दोष त्या लिंकेकडे किंवा त्या ॲपकडे शोधा.

दुसरी चूक म्हणजे क्रोममधलं ‘मेक डीफॉल्ट’ बटण दाबून मोकळं होणं. ते बटण बऱ्याचदा फक्त विंडोजचं सेटिंग्जचं पान उघडून देतं. लोकांना वाटतं काम झालं, आणि ते पान फुली मारून बंद करतात! त्या पानावर ब्राउझरच्या नावाखाली, अगदी वर उजवीकडे ‘सेट डीफॉल्ट’ असं बटण आहे. ते दाबायचं. विंडोज ११ आलं तेव्हा, २०२१ मध्ये, हे बटण नव्हतं. एचटीएमएल, एचटीटीपी, एचटीटीपीएस असा एकेक प्रकार निवडत बसावं लागायचं. बटण २०२२ मध्ये आलं, पण जुने व्हिडिओ बघून आजही लोक खालच्या यादीतली पहिली ओळ बदलतात आणि उरलेल्या तशाच सोडतात. पीडीएफसुद्धा आपोआप बदलेल असं धरून चालू नका, तिची ओळ स्वतः बघा.

आता माझी नावडती चूक: रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या नोंदवहीचा, शॉर्टकट. ओळखीच्या एका ऑफिसात हिशेब बघणाऱ्या गृहस्थांना सेटिंग्ज उघडायचा कंटाळा. त्यांनी कुठून तरी ‘एका क्लिकमध्ये डीफॉल्ट’ अशी, थेट रजिस्ट्रीत लिहिणारी फाइल आणली आणि चालवली. थोड्या वेळाने कोपऱ्यात सूचना आली, की एका ॲपमुळे डीफॉल्ट सेटिंगमध्ये अडचण आली म्हणून ती रीसेट केली आहे. सूचना वाचायची कोणी? त्यांनी फाइल पुन्हा चालवली. मग पुन्हा. शेवटी ती स्टार्टअपमध्येच टाकली, म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की फाइल ब्राउझर बदलणार आणि विंडोज तो परत फिरवणार. मला बोलावलं ते “व्हायरस आलाय” म्हणून.

विंडोज ८ पासून ही निवड रजिस्ट्रीत नुसती लिहिलेली नसते, सोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा कोड, असतो. तो त्याच युजरच्या खात्यावरून आणि त्या वेळेवरून बनतो. दुसऱ्याच्या मशीनवरची नोंद तुमच्याकडे आणली की हॅश जुळत नाही आणि विंडोज निवड फेकून देतं. २०२४ पासून तर या नोंदींवर पहारा ठेवणारा एक ड्रायव्हरही आलाय. मी स्टार्टअपमधली फाइल काढली, सेटिंग्जमधून निवड केली, विषय संपला. घाईवाल्यांचा शॉर्टकट नेहमी इतकाच लांब पडतो.

बाकीच्या किरकोळ. गूगल सर्च हवंय म्हणून डीफॉल्ट ब्राउझर बदलू नका, सर्च इंजिनची सेटिंग ब्राउझरच्या आत असते. नवा सेट होण्याआधी जुना ब्राउझर काढून टाकू नका. पेन ड्राइव्हवरचा पोर्टेबल ब्राउझर यादीत सहसा दिसतच नाही, त्याला इन्स्टॉल करा.

मॅकवर व्हेंचुरापासून ही सेटिंग ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्ये गेली आहे, ‘जनरल’मध्ये शोधत बसू नका. ब्राउझर डाउनलोड झालेल्या डिस्क इमेजमधूनच (डीएमजी फाइल) चालवत असाल तर आधी तो ॲप्लिकेशन्समध्ये ओढा.

लिनक्सवाल्यांनी कमांडने डीफॉल्ट बदलताना फाइलचं नाव तपासावं. उबुंटूत स्नॅप या पॅकेजमधून येणाऱ्या फायरफॉक्सची डेस्कटॉप फाइल, म्हणजे ॲपची ओळख सांगणारी फाइल, ‘फायरफॉक्स_फायरफॉक्स’ नावाची असते. नुसतं ‘फायरफॉक्स’ टाकून कमांड चालत नाही म्हणून वैतागण्याआधी तेवढं बघा.

आणि घरात एकाच कॉम्प्युटरवर दोघांची खाती असतील, तर दोघांनीही आपापलं सेट करायचं. विंडोजमध्ये ही निवड खात्यागणिक असते.