गोळीच्या फिल्मचा पीळ टिकवायचा तर

साध्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) फिल्ममध्ये खाऊची गोळी गुंडाळून टोकं पिळा. हात सोडला की पीळ उलगडतो. तिथे हायड्रोकार्बन रेझिन, म्हणजे पेट्रोलियमपासून बनणारं राळेसारखं द्रव्य, कामाला येतं; ते फिल्म बनवतानाच पीपीत मिसळायचं. मी हायड्रोजनेटेड (हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं), पाण्यासारखं स्वच्छ रेझिनच घेतो. पिवळसर घेतलं की फिल्मचा रंग बिघडतो.

नुसतं रेझिन हॉपरमध्ये, म्हणजे यंत्रात दाणे ओतायच्या नरसाळ्यात, ओतू नका. ते ठिसूळ असतं, भुगा उडतो आणि हॉपरखाली यंत्राच्या घशाशी मऊ होऊन चिकटलं की फीड अडतं. पीपीतलं 50 टक्के रेझिनचं मास्टरबॅच (आधीच मिसळून केलेले दाणे) 10 टक्के घालून सुरुवात करा, म्हणजे फिल्ममध्ये रेझिन 5 टक्के. रेझिनमुळे मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) पातळ होतो, म्हणून तापमान थोडं उतरवा.

फिल्म ताठ होते, ओलावाही कमी शिरतो. पण प्रमाण फार वाढवलंत तर पिळतानाच फाटते. म्हणून प्रत्येक बदलानंतर पट्टी कापून हातानं पिळून बघाच.