मानसोपचार सुरू करताना: पहिल्या दोन महिन्यांची तयारी

नैराश्य किंवा चिंतेसाठी औषधं सुरू झाली की त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकं जड होणं, पोट बिघडणं हे पहिल्या काही दिवसांतच जाणवतं. मन सावरायला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला 6 ते 8. अनेक जण नेमके याच मधल्या काळात उपचार सोडतात, म्हणून तयारी पहिल्या अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी सुरू करावी. ती वहीतच करावी, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर महत्त्वाचं तेच आठवत नाही.

अपॉइंटमेंट घेताना पहिली भेट किती वेळाची असते, फी किती आणि पुढची तारीख साधारण किती दिवसांनी मिळते हे फोनवरच विचारून घ्या. खाजगी फी परवडत नसेल तर पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. ओपीडीचे वार आणि वेळा आधी विचारून ठेवा, केस पेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघा आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा.

वहीच्या पहिल्या पानावर त्रास कधीपासून आहे, त्या सुमारास काय घडलं होतं, आधी कुठले उपचार झाले, कुठली गोळी किती डोसमध्ये किती महिने घेतली आणि ती का थांबवली हे लिहा. ‘गोळ्यांनी फरक पडला नाही’ एवढं सांगून भागत नाही. दहा दिवस घेऊन सोडलेली गोळी आणि पूर्ण डोसमध्ये दोन महिने घेऊनही लागू न पडलेली गोळी, या दोन्हींवरून डॉक्टर वेगवेगळे निर्णय घेतात. घरात कुणाला असा त्रास होता का, त्यांना कुठलं औषध लागू पडलं, हेही विचारून ठेवा. थायरॉईड, बीपी, शुगरच्या गोळ्या, अश्वगंधासारखी आयुर्वेदिक औषधं, दारू किती आणि किती वेळा, सिगारेट, दिवसाचे चहा-कॉफीचे कप, सगळं लिहा. सिगारेटमुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं, त्यामुळे ती लपवली तर डोसाचा अंदाज चुकतो. गरोदर असाल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण व्हॅल्प्रोएट (मनाचे चढउतार आवरणारं औषध) यासारखी औषधं तेव्हा टाळावी लागतात.

दुसऱ्या पानावर सात दिवसांची नोंद ठेवा, रोज एकच ओळ. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. 11.30 ला आडवं, 2 ला झोप, 5 ला जाग. दुपारचा डबा अर्धा. ऑफिसला गेले, मीटिंगमध्ये धडधड 10 मिनिटं. मन 10 पैकी 3.’ ‘झोप येत नाही’ यापेक्षा या ओळीतून कितीतरी जास्त कळतं. झोप लागायलाच उशीर होणं आणि पहाटे फार लवकर जाग येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

दोन गोष्टी लोक हमखास सांगत नाहीत. पहिली म्हणजे चांगल्या वाटलेल्या दिवसांची. तीन-चार तासांच्या झोपेवरही उत्साह ओसंडून वाहत होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे भराभर खर्च झाले, असे दिवस पूर्वी कधी आले असतील तर नक्की सांगा. तो बायपोलर आजार (नैराश्य आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणं) असू शकतो आणि त्यात फक्त नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे मरणाचे विचार. ते आडून न सांगता सरळ सांगा. असे विचार सांगितले म्हणून लगेच भरती करतात असं नाही. ते विचार किती वेळा येतात आणि काही ठरवलं आहे का हे डॉक्टर विचारतात आणि त्यावरून भेटी किती जवळच्या ठेवायच्या, गोळ्या घरात कुणाच्या ताब्यात द्यायच्या हे ठरवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याला अपवाद आहेत, मुख्यतः जिवाला धोका असेल तेव्हाचे. दोन भेटींच्या मध्ये विचार वाढले तर 14416 हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. धोका समोरच दिसत असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

सोबत आई, भाऊ, नवरा, मैत्रीण, कुणीही एक जण असावं, कारण आपल्या वागण्यातला बदल त्यांना जास्त दिसतो. पण पहिली दहा मिनिटं एकट्याने बोलायची आहेत हे घरीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे अवघड होत नाही. गेल्या सहा महिन्यांतले थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12, शुगरचे रिपोर्ट असतील तर न्या. नसतील तर महागडं पॅकेज आधीच करून घेऊ नका, डॉक्टर सांगतील तेवढ्याच तपासण्या करा.

खोलीतून बाहेर पडण्याआधी चिठ्ठी मोठ्याने वाचून घ्या. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जेवणाआधी की नंतर, डोस चुकला तर काय, कुठला त्रास झाला तर फोन करायचा, हे विचारा. झोपेची किंवा घबराटीची गोळी असेल तर ‘ही किती दिवसांसाठी?’ हे नक्की विचारा. क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या बंद कधी करायच्या हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं. केमिस्ट पट्टी कापून देतो तेव्हा नाव आणि मुदत कापलेल्या तुकड्यावर राहून जाते, म्हणून कापण्याआधी पूर्ण पट्टीचा फोटो काढा. ब्रँड बदलला तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम जुळतात का ते बघा. 0.25 च्या जागी 0.5 आली तर डोस दुप्पट होतो.

पहिल्या पंधरा दिवसांतली मळमळ बहुधा जेवणानंतर गोळी घेतल्याने कमी होते आणि हळूहळू जाते. बेचैनी इतकी वाढली की एका जागी बसवत नाही, किंवा मरणाचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींबाबत घरच्यांनी हे जास्त डोळ्यांत तेल घालून पाहावं. लॅमोट्रिजिन (बायपोलरमध्ये देतात ते औषध) चालू असताना अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी कळवा. लैंगिक इच्छा कमी होणं हा नैराश्याच्या अनेक औषधांचा नेहमीचा परिणाम आहे. लाजेपोटी गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा तसं सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके जाणवणं असे त्रास होतात.

गुण येतो तोही टप्प्याटप्प्याने. बहुधा झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून. घरच्यांना फरक आधी दिसतो, म्हणून चौथ्या आठवड्याच्या भेटीला त्यांचं म्हणणंही वहीत उतरवून न्या. बरं वाटायला लागलं म्हणजे थांबायचं असं नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलेलं असेल तरी बरं वाटल्यानंतर साधारण 6 ते 9 महिने औषध चालू ठेवतात.

समुपदेशन सुरू करणार असाल तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, त्यात गैर काही नाही. पहिली दोन-तीन सत्रं माहिती घेण्यातच जातात. दिलेला गृहपाठ झाला नसेल तर सत्र टाळू नका, का झाला नाही यावरच बरंच काम होतं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी शक्यतो समोरासमोरची सत्रं घ्यावीत, कारण खोलीत तिघं असताना हेडफोन लावूनही मोकळं बोलता येत नाही.

सण आणि प्रवासाचा विचार कॅलेंडर समोर ठेवून करा. विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात, म्हणून गोळ्या चार-पाच दिवस आधी आणा. बायपोलर आजारात एका रात्रीचं जागरणही महागात पडू शकतं, तेव्हा मिरवणूक संध्याकाळपर्यंत पाहून घरी यावं. लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये आणि उन्हातल्या पायपिटीत पाणी कमी पडू देऊ नये. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन घेतली तरी ते वाढतं. लिथियमची तपासणी रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी करतात, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यायची.