स्विस माणसाशी व्हिडिओवर ओळख कशी वाढवावी

स्वित्झर्लंडला फिरून आलेल्या कुणालाही विचारा, तिथे किती स्विस माणसांशी बोललात? बहुतेकांना आठवून आठवून एखादं नाव सापडेल. हॉटेलात काम करणारा पोर्तुगीज असतो, आणि तसंही देशातल्या चौघांमागे एकाहून जास्त जण परदेशी नागरिक आहेत. घरबसल्या व्हिडिओवर ओळख करणं त्या मानाने सोपं आहे. फक्त एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या: स्विस माणूस अनोळखी माणसाशी ‘सहज गप्पा’ मारायला बसत नाही. त्याला निमित्त लागतं आणि ठरलेली वेळ लागते. तिथलं सामाजिक आयुष्यच मंडळांवर चालतं. गाण्याचं मंडळ, नेमबाजीचं मंडळ, बँडचं मंडळ, आणि ओळखी होतात त्या तिथे. म्हणून बटण दाबलं की कुणीतरी अनोळखी चेहरा समोर येतो, असल्या साइट्सच्या नादी लागू नका. त्यातली सगळ्यात गाजलेली ओमेगल २०२३ मध्ये बंदच झाली, आणि उरलेल्यांवर भेटतात त्यांतले निम्मे कॅमेऱ्यासमोर काय करतील याचा भरवसा नाही.

१. कुठली भाषा, ते ठरवा

देशाच्या राष्ट्रीय भाषा चार. झुरिक, बर्न, बाझेल, ल्युसर्नकडे जर्मन, जिनिव्हा-लोझानकडे फ्रेंच, दक्षिणेला लुगानोकडे इटालियन, आणि ग्राउब्युंडेनच्या डोंगरांत थोडे लोक रोमान्श बोलतात. इंग्रजीवर काम निभतं, पण तुम्ही त्यांची भाषा शिकत असाल तर निमित्त आयतंच मिळतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन किंवा आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांना तर सरावाला माणूस हवाच असतो.

जर्मनवाल्यांना एक सूचना. क्लासमध्ये शिकता ती जर्मन तिथे लिहायची आणि बातम्यांची. घरात, ट्राममध्ये, फोनवर बोली चालते, आणि बर्नची बोली झुरिकपेक्षा वेगळी. पहिल्या कॉलवर काही कळलं नाही तर तुमचा क्लास वाया गेला असं समजू नका. ‘प्रमाण जर्मन बोलूया का?’ एवढं विचारलं की समोरचा बदलतो. मात्र त्याला ती शाळेत शिकलेली भाषा वाटते, त्यामुळे तोही जरा अवघडतो. मग दोघंही सारखेच.

२. माणूस शोधा

टँडम आणि हॅलोटॉक ही भाषा-देवाणघेवाणीची ॲप्स यासाठी बरी, दोन्हींवर व्हिडिओ कॉल होतो. दुसरा आणि माझ्या मते जास्त टिकणारा रस्ता म्हणजे छंद: ऑनलाइन बुद्धिबळ, विणकाम, रेल्वेची मॉडेलं, हॅम रेडिओ. रेल्वेवेडे स्विस लोक तर डोंगरातल्या एखाद्या दातेरी रुळाच्या गाडीवर तासभर बोलतात, आणि आपल्या नेरळ-माथेरानचं नाव काढलं की तेच तुम्हाला प्रश्न विचारायला लागतात.

पहिला निरोप लिहिताना ‘हाय, फ्रेंडशिप?’ हे आयुष्यात लिहू नका. चार ओळी पुरेत: कुठे राहता, काय करता, त्यांच्या प्रोफाइलमधल्या नेमक्या कुठल्या गोष्टीमुळे लिहिलंत, आणि बदल्यात तुम्ही काय देऊ शकता. मराठी किंवा हिंदी शिकवणं, इंग्रजीचा सराव, वरणभाताची कृती, काहीही चालेल. उत्तर दोन दिवसांनी आलं तर ती नाराजी नव्हे. लगोलग तीन प्रश्नचिन्हं पाठवलीत तर मात्र उत्तर येणारच नाही.

३. वेळ ठरवा, आणि पाळा

सगळं इथे ठरतं. त्यांच्या उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आपली बदलत नाहीत. त्या आठवड्यात हमखास घोळ होतो, म्हणून आदल्या दिवशी दोन्हीकडची वेळ लिहून पाठवा.

कामाच्या दिवशी जमवणं कठीण. ते सहाच्या सुमारास घरी येतात, लगेच जेवतात, आणि जेवून मोकळे होईपर्यंत आपल्याकडे अकरा वाजून गेलेले असतात. रविवारी संध्याकाळी पाच ही माझ्या मते उत्तम वेळ, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात, डोंगरावर गेलेले लोकही तोवर परतलेले असतात. जर्मनमधून वेळ ठरवताना एक खाच आहे: ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे.

आणि पाच म्हणजे पाच. पाच वाजून सात मिनिटांनी ‘सॉरी, ट्रॅफिक’ हे घरून केलेल्या कॉलला तर शोभतच नाही. उशीर होणार असेल तर दोन मिनिटांचा असला तरी आधी कळवा. दिवाळीत पाहुण्यांची गर्दी असेल तर सरळ पुढची तारीख द्या, ते आनंदाने डायरीत लिहून घेतील.

४. पहिला कॉल

अर्धा तास पुरे, आणि तो आधीच सांगून ठेवा. झुरिककडच्या माणसाला ‘ग्रुएत्सी’, बर्नच्या माणसाला ‘ग्रुएसेख’, फ्रेंच भागात ‘बाँझूर’. मोठ्या वयाच्या माणसाशी आदरार्थीच बोला. आपलं ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं असतं तसंच तिथेही, पण तो प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो. तरुण मंडळी मात्र ॲपवर थेट अरे-तुरेच करतात.

पगार, घराचं भाडं, लग्न का नाही केलं, मुलं किती: हे प्रश्न गिळा. ‘तुमच्या बँकेत आमचा काळा पैसा’ हा विनोद त्यांनी शंभरदा ऐकलाय. स्वीडनशी गल्लत करणारेही त्यांना भरपूर भेटतात, त्यात भर नको.

मग बोलायचं काय? मतदानाबद्दल विचारा. वर्षात साधारण चार वेळा त्यांच्या घरी मतदानाचं पाकीट येतं, कायद्यापासून गावच्या शाळेच्या इमारतीपर्यंत प्रश्न असतात. ग्लारुस आणि आपेनझेल इनररोडन या दोन कॅन्टनांत, म्हणजे त्यांच्या राज्यांत, तर अजून लोक चौकात जमून हात वर करून मत देतात. याच आपेनझेलमध्ये बायकांना कॅन्टनच्या मतदानाचा हक्क मिळायला १९९० उजाडलं. हा विषय काढलात की समोरचा स्वतःहून बोलायला लागतो, बहुतेकदा जरा खजील होऊन.

माझा आवडता विषय पत्ते. यास हा त्यांचा राष्ट्रीय खेळ म्हणायला हरकत नाही: ३६ पानं, बहुधा चौघे, समोरासमोरचे भिडू. पूर्व भागात पानांवर बदाम-इस्पिक नसतात, तिथे गुलाब, घंटा, ढाली आणि ओकची फळं असतात. कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायला सांगा, बघण्यासारखी असतात. आणि हुकमात सगळ्यात मोठं पान गुलाम, त्याखालोखाल नव्वी! आपल्याकडे पत्त्यांत अठ्ठावीसचा डाव खेळणाऱ्याला हे ऐकून हसूच येईल, कारण तिथेही गुलाम आणि नव्वीच वर. तुमचा कॅट काढा आणि दोन डाव समजावून द्या. अर्ध्या तासाचा कॉल तासावर कधी गेला ते कळत नाही.

निरोप घ्यायला वेळ धरून ठेवा. आभार, संध्याकाळ छान जावो, घरच्यांना नमस्कार, पुन्हा आभार, मग दोन-तीन प्रकारचं ‘बाय’. आपल्याकडे दारात चपला घालून वीस मिनिटं बोलतात, त्याचीच ही आटोपशीर आवृत्ती.

५. सावधगिरी

कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर विचारा. खासगी संभाषण संमतीशिवाय रेकॉर्ड करणं स्विस कायद्यानं गुन्हा आहे. स्क्रीनशॉटही न विचारता स्टेटसला लावू नका.

उलट बाजूनेही जपा. ‘स्विस डॉक्टर’, ‘झुरिकचा गुंतवणूकदार’ अशी प्रोफाइलं फसवणुकीसाठी सर्रास बनवली जातात. कॅमेरा कायम बिघडलेला, आठवडाभरात प्रेम, मग कस्टममध्ये अडकलेलं गिफ्ट किंवा क्रिप्टोचा सल्ला. पैशाचा विषय निघाला की संपर्क तोडा. कपडे काढायची मागणी आली तर तिथेच कॉल बंद करा, धमकी आली तरी एक रुपया देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही करता येते.

६. पुढे

पहिला कॉल संपायच्या आत दुसऱ्याची तारीख घ्या. ‘बोलूया कधीतरी’ म्हणजे पुन्हा कधीच नाही. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेला वार, असं बसवलं की तीन-चार महिन्यांत ते स्वतःच्या घरातल्या माणसांची नावं घेऊ लागतात.

आणि तिकडे जायचा योग आला तर निदान महिनाभर आधी कळवा. ‘इकडेच आलो होतो, म्हटलं डोकावून जावं’ हे तिथल्या दारात चालत नाही. चहाला बोलावलं असेल, तर ती चहाची वेळ आहे, जेवणाची नाही.