गिअर टाकताना खर्रर्र? गिअरबॉक्स खोलण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर मागून हॉर्न वाजत असताना गिअर टाकला आणि खालून खर्रर्र आवाज आला, की पोटात गोळा येतोच. मग आपण तडक गॅरेज गाठतो आणि म्हणतो, "भाऊ, गिअरबॉक्स गेला वाटते." पहिली चूक हीच. रोगाचं नाव आपणच घेतलं की समोरचाही तेच खोलतो. सांगायचं ते एवढंच: कोणता गिअर, गाडी उभी असताना की चालताना, इंजिन थंड की गरम.

माझ्या मेहुण्याच्या जुन्या हॅचबॅकचा रिव्हर्स महाल भागातल्या गल्लीत दर वेळी करकरायचा. गॅरेजवाल्याचा निकाल तयार होता, "बॉक्स उतरवाच लागते साहेब, दात गेले." मी सहज क्लचच्या पॅडलखाली हात घातला. पावसाळ्यासाठी घेतलेली जाड रबरी मॅट आधीच्या मॅटवरच अंथरलेली होती आणि सरकून, दुमडून पॅडलखाली बसली होती. पॅडल शेवटचं दीड बोट खाली जातच नव्हतं. मॅट काढली, आवाज बंद. मेहुणा दोन दिवस माझ्याशी नजर चुकवून बोलत होता.

कारण साधं आहे. पॅडल पूर्ण दाबलं गेलं नाही, म्हणजे क्लच इंजिनापासून पूर्ण सुटला नाही, तर इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतच राहतं. गाडी पुढे नेणाऱ्या गिअरना सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी पितळी कडी, सांभाळून घेते. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला ती नसते, म्हणून बोंब आधी तिथून येते.

घरीच बघा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पुढे-मागे कुणी नाही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करा, क्लच तळापर्यंत दाबा, दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. बंद इंजिनवर गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालू इंजिनवर दहा मोजूनही खर्रर्र होतं किंवा गाडी झटका देते? मग संशय क्लचवर. केबलची गाडी असेल तर केबल सैल झालेली असू शकते. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर पॅडल दोन-तीनदा भराभर मारून बघा. तसं केल्यावर गिअर नीट पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर गळतोय. इथे टाकीत नुसतं क्लचचं ऑइल ओतून मोकळं होऊ नका. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, त्यामुळे ऑइल कुठे जातंय ते शोधायलाच हवं.

रिव्हर्स गुपचूप पडतो, पण चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसराच ओरडतो? मग त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून गिअर टाका. असा दुहेरी क्लच मारल्यावर आवाज गेला तर शंका पक्की होते.

गिअर ऑइलच्या बाबतीत आपल्याकडे भलताच समज आहे: नंबर मोठा तो माल चांगला. गाडीच्या पुस्तकात ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर जीएल-५ टाकू नका. ते मुख्यतः डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासाठी असतं. त्यातली गंधकाची रसायनं पितळी रिंगला बाधू शकतात, आणि ते इतकं निसरडं असू शकतं की रिंगला पकड मिळत नाही. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याला घाबरून पुस्तकातल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल भरणारेही आहेत. डिसेंबरच्या सकाळी त्यांचा पहिला-दुसरा गिअर हटून बसतो.

जुनी गाडी घेताना आणखी एक. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधूनही, म्हणजे हवा जायच्या वाटेतूनही, पाणी आत जातं. ऑइल चहासारखं दुधाळ निघालं तर सौदा तिथेच थांबवा.

ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट ढिला होतो का ते बघा, मगच खालचा उघडा; नाहीतर बॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची करडी, पेस्टसारखी भुकटी नेहमीचीच. बोटाला टोचणारे लोखंडी तुकडे किंवा ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली, तर मात्र गॅरेजवाला खरं बोलतोय, बॉक्स उतरवाच लागते. आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) तपासून घ्या, दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी वाचेल.