सायन्सची मोठी बातमी आली की आधी काय बघायचं

दर दोन-चार दिवसांनी मोबाईलवर एखादी बातमी येतेच, की शास्त्रज्ञांनी अमुक शोधलं आणि आता सगळं जग बदलणार, आणि आपण हेडलाईन वाचून लगेच ग्रुपवर टाकून मोकळे. मला या बातम्या मनापासून आवडतात म्हणूनच सांगते, पाच मिनिटं जास्त द्या, बातमी अजून भारी वाटायला लागते.

सगळ्यात आधी बातमीतला आकडा पकडा आणि तो नेमका कशाचा आहे ते शोधा. डिसेंबर 2022 ची फ्युजनची बातमी आठवतेय का? अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये 192 लेझर किरणांच्या जोरावर मिरीच्या दाण्याएवढ्या गोळीतलं हायड्रोजनचं इंधन इतकं दाबलं की त्याच्या अणूंची केंद्रं एकमेकांत मिसळली, यालाच फ्युजन म्हणतात. 2.05 मेगाज्यूल ऊर्जा आत गेली, 3.15 बाहेर आली. लगेच सगळीकडे झालं की आता फुकट वीज मिळणार. पण तो 2.05 चा आकडा फक्त लेझरच्या प्रकाशाचा होता, तो प्रकाश तयार करायला त्या मशीनने साधारण 300 मेगाज्यूल वीज खाल्ली होती. म्हणजे बातमी खोटी होती का, तर अजिबात नाही, लॅबमध्ये असं पहिल्यांदाच घडलं आणि त्यासाठी लोकांनी अनेक दशकं घालवलीत. फक्त वीजघर अजून लांब आहे, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

टक्क्यांचंही तसंच. "धोका 50 टक्क्यांनी वाढला" असं दिसलं की विचारायचं, आधी किती होता? 10,000 माणसांत 2 चे 3 झाले तरी ते 50 टक्केच. आणि औषधाची बातमी असेल तर प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर ते बघा, बऱ्याचदा ते अगदी खाली कुठेतरी लिहिलेलं असतं.

मग बघायचं की दुसऱ्या कोणी तपासलंय का. जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या टीमने एलके-99 नावाच्या पदार्थाचे पेपर टाकले, दावा असा की हा साध्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे, म्हणजे वीज जाताना काहीच अडथळा नाही. तो प्रीप्रिंट होता, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच टाकलेला. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, जगभरच्या लॅबनी तोच पदार्थ बनवून बघितला आणि काही आठवड्यांतच कळलं की अडथळा अचानक कमी होण्यामागे त्यात मिसळलेलं कॉपर सल्फाइड होतं. म्हणून प्रीप्रिंट हा शब्द दिसला की थोडं थांबा.

चांगली टीम स्वतःच शंका बोलून दाखवते, तेही वाचत जा. 2011 मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगात सर्न या जिनिव्हाजवळच्या भौतिकशास्त्राच्या लॅबहून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण 730 किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो लॅबला प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले. त्या लोकांनी महिनोन्‌महिने चूक शोधली, सापडेना, मग जगाला सांगितलं की तुम्हीही तपासा. पुढे कळलं की मुख्य कारण एक नीट न बसलेली फायबर केबल होती. मला ही गोष्ट फार आवडते.

शेवटचं म्हणजे आकडा बदलला की लगेच "आधी खोटं सांगितलं" म्हणू नका. 2024 वायआर4 हा लघुग्रह 2032 मध्ये पृथ्वीवर आदळायची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. कारण सोपंय. सुरुवातीला निरीक्षणं थोडी असतात, त्यामुळे तो कुठून जाईल याचा पट्टा खूप रुंद असतो आणि पृथ्वी त्यातला एक बारीकसा ठिपका. निरीक्षणं वाढली की पट्टा आकसतो, ठिपका तेवढाच राहतो, म्हणून टक्के चढतात. मग पट्टा अजून आकसतो, पृथ्वी त्याच्या बाहेर पडते आणि टक्के धाडकन खाली. तेव्हा असा आकडा वाचला की सोबत तारीखही बघा, आणि पुढे पाठवायच्या आधी आजचा आकडा काय आहे ते एकदा शोधा.