डीटीपीच्या दुकानात क्रॅक सॉफ्टवेअर: या चुका टाळा

ऐन लग्नसराईत एका डीटीपीवाल्या मित्राचा पीसी माझ्याकडे दुरुस्तीला आला. एकही पत्रिका उघडत नव्हती. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि फोल्डरागणिक ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर भरा, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. हा ‘स्टॉप’ नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आणि तो मुख्यतः क्रॅक अन् कीजेनमधूनच (विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालू करणाऱ्या चोरट्या फायलींतून) पसरतो. आदल्या रात्री मित्राने डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक टाकला होता. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्यातली सूचनाही पाळली होती. ही ओळ दिसली की तिथेच थांबा. बॅकअपची डिस्क मशीनलाच जोडलेली असल्याने तीही गेली. अशा वेळी आधी नेटची वायर काढा, पैसे भरू नका आणि लॉक झालेल्या फायली जपून ठेवा. या फायली उघडून देणारा मोफत डिक्रिप्टर आहे, पण तो या व्हायरसच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. मित्राच्या फायली सुटल्या नाहीत.

‘एवढी मोठी परदेशी कंपनी, तिचं काय बिघडतं?’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. पण पेनड्राइव्हवरून दुकानोदुकानी फिरणारे मराठी फॉन्ट कोणी परदेशात बसून केलेले नाहीत. मराठी फॉन्टचं ‘श्रीलिपी’ हे सॉफ्टवेअर पुण्याचं आहे. एका देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं धरून शेकडो आकार असतात आणि प्रत्येकाची वेलांटी, रफार कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसवलेला असतो. आपल्या डिझाइनचे पैसे गिऱ्हाइकाने बुडवले की आपला जीव जळतो. फॉन्टची फोल्डर कॉपी करताना आपणही त्या कारागिराचे पैसेच बुडवतो.

विकत घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. एका मशीनचं लायसन्स तीन मशीनवर चालवणं किंवा विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती दुकानात वापरणं हाही नियमभंगच. लॅपटॉपसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या लॅपटॉपपुरतंच असतं. ‘पाचशेत विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडे पक्कं बिल मागा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायला मात्र कायद्याची आडकाठी नाही.

परवडत नसेल तर चित्रं-लोगोसाठी इंकस्केप आणि पानं जुळवायला स्क्रायबस ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. स्क्रायबस १.६ किंवा त्यानंतरचंच घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटतात. छपाईची सीएमवायके (चार शाईंच्या रंगांतली) पीडीएफही स्क्रायबसमधूनच काढा, इंकस्केपचं काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत चालतं. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे पत्रिका, फ्लेक्स, लोगो काहीही करा, पैसे लागत नाहीत. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. हे फॉन्ट युनिकोडवर, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांवर चालतात, म्हणून जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, ‘र्‍या’, ‘श्र’ डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर बहुतेकदा तिथेच चुकतो.